जिनिंगमध्ये कोटावरचा बिल्ला काढायला लावला, वरून ५०० रुपये दंड. काय करू?

काट्यावरची ताई (वर्धा जिल्हा)

सर्वांना जय भीम, नमस्कार. एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुईच्या गठाणी बांधतात त्या कारखान्यात, माझा हा पाचवा सीझन आहे. कापसाची गाडी वजनकाट्यावरून पुढे गेली की तिच्यासोबत गंजीपर्यंत (कापसाच्या ढिगापर्यंत) जायचं, ओल पाहायची आणि वजन वहीत चढवायचं, हे माझं काम.

यंदा मालकानं सगळ्यांना राखाडी कोट दिले आणि केस बांधायला त्याच रंगाचा रुमाल. कोटाबद्दल माझी तक्रार नाही. उलट पदर मशिनच्या पट्ट्याकडे जायची भीती गेली.

माझ्या कोटाच्या खिशावर मी बाबासाहेबांचा बिल्ला लावते. रुपयाच्या नाण्याएवढा, निळ्या कडेचा. माझे वडील दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायचे. शेवटच्या वर्षी त्यांनी हा तिथून आणला आणि घरी आल्यावर स्वतःच्या हातानं माझ्या ओढणीला लावून दिला. वरचं प्लास्टिक आता पिवळं पडलं आहे. मागची पिन ढिली झाली म्हणून मी तिला काळा दोरा गुंडाळला आहे.

मागच्या महिन्यात सुपरवायझर सगळ्या बायांसमोर म्हणाला, "हे काढ, कोटावर कंपनीच्या नावाशिवाय काही चालत नाही." त्याच्या स्वतःच्या खिशावर एका देवस्थानाचा पितळी बिल्ला होता. मी म्हटलं, "दादा, मग तुमचाही काढा." त्यानं काही उत्तर दिलं नाही. पगार हातात आला तर ९,००० ऐवजी ८,५०० रुपये. विचारलं तर म्हणे गणवेशाचा दंड. असा नियम मी कुठं लिहिलेला पाहिला नाही आणि कोणी मला तो वाचूनही दाखवला नाही.

असा दंड लावता येतो का? बिल्ला लावू नको असं म्हणता येतं का? नोकरी सोडणं मला परवडत नाही, मुलगी बारावीला आहे. आणि एक विनंती. "जाऊ दे, काढून टाक, कशाला वाद" एवढंच कोणी लिहू नका. ते घरचे रोजच सांगतात.

लाल डब्याचा वाहक

जय भीम ताई. बिल्ला म्हणजे काय ते मले माहीत हाय. माह्या छातीवरचा नंबरचा बिल्ला सरकारनं देल्ला, तो नसला तर ड्युटीवर चढता येत नाही. आणि मागण्यांसाठी काळी फीत लावूनही आम्ही गाड्या चालवल्या. पण तवा आम्ही सारे एकाच वेळी फीत लावत होतो, मागं संघटना होती. तुमी एकट्या हा. म्हणून पयले दोन-चार बायांशी बोलून घ्या. साहेबाकडे एकटं जाऊ नोका.

लेबर ऑफिसचा जुना बाबू (यवतमाळ)

ताई, आधी दंडाचं बघू, कारण तिथं तुमची बाजू अगदी पक्की आहे. वेतन प्रदान कायदा १९३६ चा. त्यात दंडाबद्दल जे होतं तेच २०१९ च्या वेतन संहितेतही ठेवलं आहे. मालकाला मनाला येईल त्या गोष्टीसाठी दंड करता येत नाही. कोणत्या चुकांसाठी दंड होईल त्याची यादी आधी सरकारकडून मंजूर करून घ्यावी लागते आणि ती कामाच्या जागी लावावी लागते. दंड करण्याआधी कामगाराला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं. शिवाय एका पगारात दंड ३ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. तुमच्या ९,००० वर तो होतो २७० रुपये. म्हणजे नियम लावलेला असता, तुमचं ऐकून घेतलं असतं, तरीही ५०० बेकायदाच.

दंडाची नोंद रजिस्टरमध्ये लागते, आणि तो पैसा मालकाच्या गल्ल्यात जात नाही, कामगारांच्याच हितासाठी वापरावा लागतो. तेव्हा भांडू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा: दंड कोणत्या नियमाखाली, कोणत्या तारखेचा, रजिस्टरमधला उतारा द्यावा. दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिलं, निम्मी प्रकरणं पोच मागितल्याबरोबर मिटतात.

फिटर भाऊ (जिनातला)

ताई, रागावू नको, पण मी वीस सीझन डीआर मशिनीवर (सरकी काढणाऱ्या डबल रोलरवर) काढले. तुह्या बिल्ल्याची पिन ढिली हाय असं तूच लिवलं. तूच गंजीजवळ वाकून ओल पाह्यतं. ती पिन कापसात पडली आन् मशिनीच्या सुरीपाशी गेली तर ठिणगी उडू शकते. गठाणीत दाबलेल्या रुईची आग लवकर भडकत नाही, आतल्या आत धुमसते, वरून पांढरीफेक दिसते. बांधून ठेवलेल्या १७० किलोच्या गठाणीतून दुसऱ्या दिवशी धूर निघताना मी माह्या डोयानं पाह्यला. पट्ट्या तोडून गठाण मैदानात लोटली तवा बाकीचं गोदाम वाचलं. तिथं रात्रपाळीले अकरा माणसं होती.

बाबासाहेब माह्याही घरात हायेत. पण पिन जिनात नोको. सुपरवायझरची बी नोको.

कायदा शिकणारी (नागपूर)

फिटर भाऊंनी मांडला तशाच, श्रद्धेची खूण आणि कामावरची सुरक्षा या प्रश्नावर एक मोठा निकाल आहे. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानं १५ जानेवारी २०१३ ला ब्रिटनमधल्या चार जणांच्या तक्रारी एकत्र ठरवल्या, त्यातल्या दोन बायकांच्या क्रूसबद्दल होत्या. नादिया इवेडा ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इनवर होती. गणवेशावर दिसेल असा छोटा क्रूस घातला म्हणून तिला घरी पाठवलं. दुसऱ्यांना पगडी, हिजाब चालत होता आणि कंपनीनं स्वतः २००७ मध्ये तो नियम बदललाही होता. कोर्टानं म्हटलं, कंपनीच्या प्रतिमेला इतकं वजन देणं बरोबर नव्हतं. इवेडा जिंकली. दुसरी शर्ली चॅप्लिन, दवाखान्यातली नर्स. तिच्या गळ्यातली साखळी रुग्ण ओढू शकतो, म्हणून ती हरली. गंमत नाही, खरंच लक्षात घ्या: तिला दवाखान्यानं पर्याय दिला होता की क्रूस ब्रोचसारखा गणवेशाला लाव. तिथं पिन सुरक्षित ठरली, तुमच्या जिनात तीच धोक्याची.

हा निकाल आपल्याकडे बंधनकारक नाही. पण विचारण्याची रीत त्यातून घेता येते. साहेबांना विचारा, अडचण पिनेची आहे की फोटोची? पिनेची असेल तर नियम सगळ्यांना लागेल. फोटोची असेल तर तसं लिहून द्या म्हणा, आणि ते लिहून द्यायला कोणी सहसा तयार होत नाही.

काट्यावरची ताई

सर्वांचे मनापासून आभार. फिटर भाऊ, तुमचं वाचून मी रात्रभर झोपले नाही. बिल्ला हातात घेऊन पिन उघडून पाहिली तर ती नुसत्या दोऱ्यावर टिकलेली. पाच सीझन मी तो लावून गंजीत वाकत होते. मला ते कळायला पाहिजे होतं. आता तो बिल्ला घरी बाबांच्या फोटोजवळ ठेवला आहे.

पण सुपरवायझरनं आगीचं नावही काढलं नव्हतं. तो म्हणाला होता कंपनीचं नाव. म्हणून बाबू काकांनी सांगितलं तसा अर्ज लिहिला. चार बायांनी सोबत सह्या केल्या आणि शनिवारी मॅनेजर साहेबांना दिला. पोच मागितली तर त्यांनी अर्ज दोनदा वाचला आणि रजिस्टर मागवलं. त्यात माझं नावच नव्हतं. ५०० रुपये सोमवारी परत मिळाले.

आज फाटकाजवळ कागद लागला आहे: पिन, बिल्ला, केसांचा काटा, किल्ली, धातूची कोणतीही वस्तू कोटावर लावून आत यायचं नाही, सर्वांना लागू. सुपरवायझरनं पितळी बिल्ला काढला. मी पाहिलं, बोलले काही नाही.

साहेबांना मी पुढं विचारलं, कापडावर भरलेला, कोटाला शिवून टाकलेला बिल्ला चालेल का? ते म्हणाले, मालक आल्यावर सांगतो. मालक पंधरवड्यानं येतात. तोवर नमुना हातात असावा असं वाटतं, म्हणून विचारते: हिंगणघाट किंवा वर्ध्यात मशिनवर बाबासाहेबांचा चेहरा नीट भरून देणारं कोणी आहे का? मी विचारलेल्या एकाला चष्मा जमला नाही.

लाल डब्याचा वाहक

ताई, आमच्या डेपोच्या गणवेशाची नावं भरणारा एक शिंपी वर्ध्याले बस स्टँडच्या मागं बसते. निळा दोरा त्याच्याकडं असते. मी बुधवारी त्याच रूटवर हाय, चष्म्याचं विचारून सांगतो.