फेरेट आत गेलं, ससा बाहेर येईना

इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या शेतावर पहिल्यांदाच फेरेट (सशांना बिळातून हुसकायला पाळतात तो मुंगसासारखा लांबट प्राणी) घेऊन गेलात, ससा बाहेर पडला नाही, आणि आता सगळा दोष त्या जनावराला देताय! मला तरी वाटतं, गडबड बिळात नाही, वर जमिनीवरच झाली असावी. बूट आपटत, गप्पा मारत जाळ्या लावल्या की ससे आतच घट्ट बसतात. वारा तोंडावर घेत जा, बोलणं खुणांनी करा, बिळाच्या प्रत्येक तोंडावर जाळी पसरून खुंटी पक्की ठोका. (गवताआड लपलेलं एखादं तोंड हमखास राहतं, आणि ससा नेमका तिथूनच सुटतो.) ससा आदळला की जाळी बटव्यासारखी आवळते.

सुरुवातीला फेरेटची मादी बरी. अंगाने लहान, त्यामुळे जाळी न हलवता आत सरकते. फेरेटला उपाशी न्या, हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला मात्र मला अजिबात पटला नाही. भुकेलं जनावर आत ससा मारून तिथेच खात बसतं, मग फावडं घ्या आणि खोदा. फेरेटच्या गळ्यात लोकेटर कॉलर (जमिनीखाली ते कुठे आहे हे वरून कळू देणारा पट्टा) नसेल तर कुठे खोदायचं तेही कळत नाही.

हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, तेव्हा झाडोरा झडलेला असतो आणि बिळात पिल्लं कमी. जमीनमालकाची परवानगी आधी घ्या, लेखी असली तर उत्तम.

आपल्याकडे हे जमेल का, असं एकांनी विचारलंय. नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाच्या शिकारीला बंदी आहे. शिवाय आपला रानससा बीळ खणतच नाही, गवतात दबून बसतो. फेरेट सोडणार कुठे?