पेप्टाइड लस : टी पेशींचा प्रतिसाद कसा मोजतात?

सीताबर्डीकर : मी नागपुरात जीवशास्त्र शिकवतो. कृत्रिम पेप्टाइड (अमिनो आम्लांची छोटी साखळी) लस घेतलेल्या स्वयंसेवकांमध्ये टी पेशींचा (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) प्रतिसाद नेमका कसा तपासतात?

धरमपेठकर : लसीपूर्वी व नंतर घेतलेल्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करून त्या त्याच पेप्टाइडसोबत साधारण एक दिवस ठेवतात, ज्या पेशी त्याला ओळखून इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशवाहक प्रथिन स्रवतात, त्यांच्या जागी एलिस्पॉट या चाचणीच्या थाळीवर ठिपके उमटतात. पेप्टाइडविना ठेवलेल्या पेशींचे ठिपके वजा करायला मात्र विसरू नये.

महालकर : स्वयंसेवकाचा एचएलए (पेप्टाइड धरून टी पेशींना दाखवणारे, व्यक्तीगणिक वेगळे असणारे पेशींवरील रेणू) प्रकारही पाहावा लागतो, कारण ८ ते ११ अमिनो आम्लांचे तेच पेप्टाइड सर्वांच्या एचएलए रेणूंवर बसत नाही, तेव्हा एखाद्यात प्रतिसाद दिसला नाही म्हणून लसच निकामी, असे मी तरी म्हणणार नाही.

सीताबर्डीकर : आभारी आहे. म्हणजे ढोबळमानाने एक ठिपका, एक पेशी.