मदत हवी आहे: श्रावणात पाटणादेवी, सोबत आई आणि दोन मुलं

धुळेकर
राम राम मंडळी. श्रावणात धुळ्याहून स्वतःच्या गाडीने पाटणादेवीला जायचं आहे. सोबत आई (गुडघ्यांचा त्रास) आणि आठ व बारा वर्षांची मुलं. देवीचं दर्शन, केदारकुंड धबधबा आणि पितळखोरा लेणी एका दिवसात जमतील का? पाऊस लागला तर?

सातमाळा
दादा, पितळखोरा या फेरीतून काढाच. बाकी दोन्ही आरामात होतील. पेट्रोल, नाश्ता, पिण्याचं पाणी चाळीसगावातच उरका. तिथून पाटणादेवी १८ किलोमीटर. हा भाग गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो (१९८६ पासून), त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करावी लागते. बिबट्या, अस्वल दोन्ही आहेत; अंधार पडायच्या आत बाहेर पडा.

सकाळी आधी केदारकुंड, मग दर्शन. बहुतेक जण उलट करतात आणि ऐन सरीत ओढ्यात सापडतात. आईंना देवळातच बसू द्या, सोबत एक मोठं माणूस ठेवा.

पाण्याचं मात्र नीट ध्यानात घ्या. भोवती डोंगर आणि खाली काळा पाषाण. पाणी मुरायला जागाच नाही, सगळं ओढ्यात उतरतं. खाली ऊन असतं, पण वर पठारावर जोराची सर पडली की लोंढा येतो. आधी नितळ पाणी गढूळ होतं, मग काटक्या-पालापाचोळा वाहत येतो, आवाज वाढतो. गढूळ दिसताक्षणी सामान सोडा आणि काठ चढा. पलीकडे अडकलात तर उतार पडेपर्यंत तिथंच थांबा. गुडघाभर वाहत्या पाण्यातही उतरू नका. हात धरून साखळी केली तरी शेवाळावर एकाचा पाय सटकला की बाकीचेही ओढले जातात. कुंडात मुलांना उतरवायचं नाही, तळाच्या खडकांचा अंदाज लागत नाही.

गिरणाकाठ
पितळखोऱ्याबद्दल. पाटणादेवीहून पायवाट आहे, पण ती जंगलातली चढण, आईंचं काम नाही. कन्नडकडून वरच्या पठारापर्यंत गाडी जाते, पण पुढे पायऱ्या उतरून लेण्यांत जायचं. गुडघ्यांची परीक्षा उतरताना आणि चढताना, दोन्ही वेळा. शिवाय तिकडे जायला कन्नड घाट लागतो. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात तिथे दरडी कोसळून वाहतूक बंद पडली होती. हिवाळ्यात जा, लेणी निवांत बघता येतील. अशा कड्यांना आग्या मोहोळ असतं. अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा.

त्याऐवजी पाटण्याचं यादवकालीन महादेव मंदिर बघा. मुलांना सांगा, हे भास्कराचार्यांच्या घराण्याचं गाव. त्यांचा नातू चांगदेव याने मठासाठी कोरवलेला १२०७ सालचा शिलालेख इथलाच.

धुळेकर
धन्यवाद दोघांनाही. पायात काय घालावं? जेवणाचं?

सातमाळा
सपाट तळाची रबरी चप्पल नको, ओल्या दगडावर ती घसरते. खोल नक्षीचे, मागून पट्टा असलेले सँडल घ्या. छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे हात मोकळे राहतात. माणशी दोन लिटर पाणी. डबा दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा. भाजी-वरण दमट हवेत आंबतं. खाऊ पिशवीत लटकवू नका, माकडं झडप घालतात. दरीत रेंजचा भरवसा नाही, तेव्हा किती वाजता परत भेटायचं ते आईंना आधीच सांगून निघा.