नातवंडं रोटासाठी परत येताहेत

'तरुण पिढी धर्मापासून दुरावत चाललीय' असं म्हटलं जातं; हे मत मला अर्धंच पटतं. आमच्या खानदेशातला कानबाई या देवीचा सण बघा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसते, सोमवारी विसर्जन. रोटाला, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जेवणाला, कुळातले सगळे भाऊबंद लागतात. शिकून नोकरीला लागलेल्या वडिलांच्या पिढीतल्या काहींनी हे सोडून दिलं होतं. आता त्यांचीच मुलं पुण्याहून, सुरतेहून रजा टाकून येतात. (उपास-तापास मात्र फारसे करत नाहीत.) अमेरिकेतल्या स्थलांतरितांबद्दल इतिहासकार मार्कस हॅन्सन यांनी १९३८ मध्ये असंच काहीसं मांडलं होतं: मुलगा जे विसरू पाहतो, ते नातू आठवू पाहतो. परत येते ती श्रद्धा की भाऊबंदांची ओढ? मला ओढच जास्त दिसते, आणि ती मला मोलाची वाटते. जनगणनेतल्या धर्माच्या रकान्यात हा फरक उमटत नाही.