शब्दचर्चा : ‘कंपार्टमेंट’ म्हणजे कप्पा, कोठा, फड की डबा?

पांझराकाठ (धुळे)
बी.फार्म.च्या सहाव्या सत्राला मी फार्माकोकायनेटिक्स, म्हणजे औषध शरीरात कसं पसरतं आणि बाहेर पडतं याचं गणित, शिकवते. फळ्यावर समीकरणं सोडवण्यापेक्षा हल्ली संगणकावर सिम्युलेशन करून घेते. ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. औषध कुठून कुठे किती वेगानं जातं याची दोन-तीन समीकरणं त्यात लिहायची, डोस टाकायचा आणि रक्तातली पातळी कशी उतरते ते बघायचं. मुलांच्या घरी अहिराणी, शाळा मराठी, पुस्तक इंग्रजी. म्हणून मी समजावताना मराठी शब्द वापरते, आणि गेल्या आठवड्यात त्यातल्याच एकानं घात केला.

कंपार्टमेंटला मी ‘कप्पा’ म्हणाले होते. एका मुलीनं वहीत मध्यवर्ती कप्पा म्हणून चक्क हृदय काढलं, चारही कप्प्यांसकट! तिची चूक नाही, कप्पे म्हटलं की शाळेपासून हृदयच डोळ्यांपुढे येतं. खरं तर कंपार्टमेंटला भिंत नसते. औषध जिथे साधारण सारख्या वेगानं ये-जा करतं, अशा ऊतींचा तो हिशेबापुरता बांधलेला गट. रक्त, यकृत, मूत्रपिंड बहुधा एका गटात, स्नायू आणि चरबी दुसऱ्यात. औषध बदललं की गटही बदलतात. दुसरा शब्द सुचवा.

जुनी वही (जळगाव)
‘कोठा’ सुचवणार होतो, पण ‘कोठा साफ होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या देशात तो थेट पोटात जाईल. ‘कोष्ठ’ची तीच गत, मागून बद्धता येतेच.

आबा, साक्री
ताई, आपल्या पांझरेची फड पद्धत विसरलात का? बंधारा, पाट, चाऱ्या आणि पाण्याखालच्या शिवाराचे फड. एका फडात एकच पीक. भिंत नाही, फक्त हिशेबाची वाटणी. ‘दोन फडांचं मॉडेल’ म्हणा.

पांझराकाठ
आबा, शब्द फार आवडला. वाटणी हिशेबाची, हे तर अगदी तंतोतंत जुळतं. पण फडात मुरलेलं पाणी पाटात परत चढत नाही. आमच्या मॉडेलमध्ये दुसऱ्या गटातलं औषध रक्तात परत येतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे. थायोपेंटल हे भुलीचं औषध शिरेतून दिलं की माणूस झोपतो आणि काही मिनिटांत जागा होतो. औषध शरीराबाहेर गेलं म्हणून नव्हे, तर मेंदूतून निघून स्नायूंत, चरबीत पांगलं म्हणून. पुढे कितीतरी तास ते तिथून हळूहळू रक्तात उतरत राहतं.

केळीवाला (रावेर)
मग विहीर धरा. मोटार चालवून विहीर उपसली आणि मोटार बंद केली की आजूबाजूच्या जमिनीतला पाझर पाणी पुन्हा चढवतो. विहीर हा एक गट, भोवतालची जमीन दुसरा.

पांझराकाठ
दादा, हे तर मी उद्याच वर्गात वापरणार. त्यात ‘व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन’ही बसतं, म्हणजे डोस आणि रक्तातली पातळी यांवरून काढलेलं आकारमान. विहिरीत ठरावीक मीठ टाकलं, ढवळलं आणि पाण्याच्या खारटपणावरून विहीर किती लिटरची ते काढलं. मीठ गाळाला चिकटून बसलं असेल तर पाणी अळणी लागेल आणि विहीर आहे त्यापेक्षा कितीतरी मोठी निघेल. मलेरियाच्या क्लोरोक्वीनचं तेच होतं. माणसाच्या अंगात पाणी जेमतेम ४० लिटर, पण क्लोरोक्वीनचा आकडा हजारो लिटर येतो, कारण ते ऊतींना धरून बसतं. पुस्तकी ‘वितरण आकारमान’ म्हटलं की मुलं शरीरात तेवढी जागा शोधतात. मी ‘भासमान’ हे विशेषण कधीच गाळत नाही.

काळी माती (चोपडा)
क्लिअरन्सला ‘निचरा’ म्हणता ना? आमच्याकडे तो शब्द प्रत्येकाला कळतो. निचरा नसेल तर केळी सडते.

पांझराकाठ
म्हणत होते, आता कचरते. ५०० मिलिग्रॅमचा डोस शिरेतून, आकारमान २५ लिटर, क्लिअरन्स ताशी ५ लिटर. अर्धायुष्य, म्हणजे रक्तातली पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, सुमारे साडेतीन तास येतं. मग विचारलं, आकारमान ५० केलं आणि बाकी तसंच ठेवलं तर? वर्ग एका सुरात म्हणाला, “निचरा निम्मा!” आकडे बघितले तर सुरुवातीला औषध बाहेर पडण्याचा वेग ताशी १०० मिलिग्रॅमवरून ५० वर आलेला, अर्धायुष्य जवळपास सात तास, पण क्लिअरन्स ताशी ५ लिटरच. शेतातला निचरा म्हणजे किती गेलं. क्लिअरन्स म्हणजे तासाभरात किती लिटर रक्त औषधापासून मोकळं झालं. मोटार तासाला ५ लिटरच खेचते, पाणी खारट असो की अळणी.

काळी माती
मग शब्दाला कशाला दोष देता? एकक सांगून निचरा शिकवा. ‘शुद्धीकरण-दर’ वगैरे काढलंत तर महापालिका आठवेल.

जुनी वही
‘अर्धायुष्य’ही साधा नाही हं. पदार्थविज्ञानातून आलाय, पण निम्मं आयुष्य म्हटलं की दोन अर्धायुष्यांत सगळं संपायला हवं. उरतं मात्र पंचवीस टक्के. चार झाली तरी सहा टक्क्यांच्या वर.
अवांतर : ‘फार्माकोकायनेटिक्स’ शब्द जर्मन बालरोगतज्ज्ञ डोस्ट यांनी १९५३ मध्ये रूढ केला. गंमत अशी की कंपार्टमेंटची गणितं स्वीडनच्या टेओरेल यांनी १९३७ मध्येच छापली होती. म्हणजे बारसं पोरगं शाळेत गेल्यावर झालं.

भुसावळकर
सगळे विद्वान, आणि जंक्शनवर कुणी आलंच नाही. कंपार्टमेंट म्हणजे डबा! दोन डबे एकमेकांना जोडलेले, मधल्या वाटेनं प्रवासी इकडून तिकडे नि तिकडून इकडे. खाली उतरायचं दार मात्र पहिल्याच डब्याला.

पांझराकाठ
दादा, हसून हसून पुरेवाट. पण जमलंय हो! दुसऱ्या डब्यातल्यांना उतरायचं तर आधी पहिल्यात यावं लागतं, म्हणूनच रक्तातल्या पातळीची वक्ररेषा आधी झपझप पडते आणि मग रेंगाळते. डबाही भिंतींचाच, पण तो शरीरात कुठे असतो असं कुणी विचारणार नाही.

आबा, साक्री
आणि गोळी गिळली तर?

भुसावळकर
मग प्रवासी आधी प्लॅटफॉर्मवर. चढतील तसे चढतील.

पांझराकाठ
सगळे चढतातच असं नाही आबा, काही गर्दीत मागेच राहतात. गोळीतलं जेवढं औषध रक्तापर्यंत पोचतं त्याला पुस्तकात ‘जैवउपलब्धता’ म्हणतात, आणि ते ऐकून माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना जैविक खत आठवतं. त्याला कुणाकडे शब्द आहे का?