मदत हवी आहे: थेराच्या उद्रेकाचा काळ मुलांना कसा सांगावा?

नमस्कार मंडळी. सहावी-सातवीच्या मुलांसाठी ग्रीसच्या सांतोरिनी (थेरा) बेटावरच्या अक्रोतिरी या प्राचीन गावाबद्दल लिहितेय. १९६७ पासून ग्रीक पुरातत्त्वज्ञ स्पिरिडॉन मारिनाटोस यांनी तिथे उत्खनन केलं. ज्वालामुखीच्या राखेखालून दोन-तीन मजली घरं, भित्तिचित्रं, सांडपाण्याची गटारं निघाली. माणसं मात्र बहुधा भूकंपाचे धक्के बसल्यावर आधीच गाव सोडून गेली होती. मला हेच सगळ्यात जास्त भिडतं.

अडलंय ते तारखेवर. भांडी आणि इजिप्तशी असलेले संबंध पाहून पुरातत्त्वज्ञ हा उद्रेक इ.स.पू. १५०० च्या आसपासचा मानत आले. पण राखेत गाडल्या गेलेल्या ऑलिव्हच्या फांदीची कार्बन-१४ चाचणी (अवशेषात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढण्याची पद्धत; २००६) इ.स.पू. १६२७ ते १६०० सांगते. पुढे २०१८ मध्ये झाडांच्या एकेका वर्षवलयातल्या कार्बन-१४ ची मोजणी झाली आणि इ.स.पू. सोळावं शतक पुन्हा चर्चेत आलं.

इथे डेक्कन कॉलेजची किंवा भूशास्त्र शिकलेली कुणी मंडळी आहेत का? कार्बनच्या एकाच मोजमापाला त्या काळातली बरीच वर्षं जुळतात, हे मुलांना सोप्या भाषेत कसं सांगाल? आणि 'इ.स.पू. १६०० च्या आसपास' एवढंच लिहिलं तर चालेल, की दोन्ही बाजू द्याव्यात? मला दोन्ही द्याव्याशा वाटतात.