शब्दचर्चा : खानदेशातला ‘फड’

अनुवादिका : पाणलोटाच्या कामाची एक पुस्तिका मराठीत आणतेय. गावाने मिळून माती, पाणी, झाडोरा असा सांभाळायचा की जमिनीचा कस दरसाल वाढत जावा, असा विषय. मी ‘सहभागी पुनरुज्जीवनशील भूदृश्य-व्यवस्थापन’ लिहिलं. साक्रीकडच्या एका काकांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, “हाई काय शे? हाऊ ते आमना फडच शे!” मला फड ठाऊक तो तमाशाचा नाहीतर कुस्तीचा.

ऊसकरी : आमच्या सांगलीकडे फड म्हणजे तोडणीला आलेला ऊस. कोयते फडात गेले, की झालं.

पांझराकाठचा : आमच्याकडे फडात ऊस असतोही, पण फड म्हणजे ऊस नव्हे. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर तीन-चारशे वर्षांपासून बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या, चारीतून सारंगाने, म्हणजे वावरापर्यंतच्या लहान चरीने, पाणी वावरात. पाटाखालचं रान बहुधा चार फडांत वाटलेलं. एक फड 10 हेक्टरचाही असतो, 200 चाही. आत बांध ज्याचा त्याचा, सातबारा ज्याचा त्याचा, पीक मात्र अख्ख्या फडात एकच. यंदा या फडात ऊस, त्या फडात भुसार, म्हणजे धान्य, आणि पाणी कमी दिसलं तर एखादा फड पडीक. हे गाव बसून ठरवतं. पीक फिरत राहतं, म्हणून जमीन चोपण, म्हणजे खारवट, होत नाही, कस टिकतो. पाणी देणारा पाटकरी. शेतकऱ्याने आपल्या हाताने चारी फोडायची नाही. पाटकरी फावड्याने चिखलाचा एक लपका ओढणार, इकडचं तोंड बंद, तिकडचं उघडं. राखणीला जागल्या. तोही फडाचा, कुणा एकाचा नव्हे.

तेव्हा काका बरोबर बोलले. तुमच्या त्या लांबलचक शब्दातला ‘सहभागी’ या एका अक्षरजोडीतच बसलाय. अर्थात आज सगळं असंच चालतं, असं लिहू नका. वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, ज्याला स्वतःचं पाणी मिळालं तो पाटकऱ्याची वाट कशाला बघेल?

तापीपार : मग ‘फडणीस’मधला फड हाच का?

पांझराकाठचा : तिथे दोन मतं आहेत. कुणी तो फारसी ‘फर्द’, म्हणजे यादीचा कागद, यावरून आणतात. कुणी फड म्हणजे कारभाराची, हिशेबाची जागा, यावरून. गप्पांचा फड, कुस्तीचा फड, आपला फड, सगळीकडे चार माणसं एका जागी जमलेली दिसतात, म्हणून मला दुसरं मत पटतं. ही आपली माझी ओढ हं, पुरावा नव्हे.

अनुवादिका : पण पुस्तिकेत जंगलही आहे. त्याला फड चालेल?

पांझराकाठचा : नाही, ताणू नका. फडाला पाट लागतो. जंगलाला सरळ ‘राखण’ म्हणा. साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्याने जंगल राखलं, ते काम पुढे नेणाऱ्या चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. तिथे कुणाला ‘जंगल राखलं’ म्हणून बघा, पुढचा शब्द विचारणार नाही.

अनुवादिका : ठीक. पाण्याच्या प्रकरणाला ‘फड’, जंगलाच्या प्रकरणाला ‘राखण’. मुखपृष्ठावरचं ते भूदृश्य आजच खोडते. ‘सारंग’ला मात्र तळटीप द्यावी लागेल, पुण्याचे वाचक राग समजतील.